बोट कुणाचं?

मृणाल सबनीस संतापली की तिच्या कपाळावरची शीर ताडताड उडायची. खडकओहोळ धरणाच्या यंत्रकक्षात आज सकाळपासून ती उडत होती.

"खोटं बोलू नका, नामदेवराव! दोन माणसं बुडालीत!"

"मी बटण दाबलंच नाही, बाई." दरवाजांवरचा कर्मचारी नामदेव खाडे मान ताठ ठेवून म्हणाला. "मी पोचायच्या आत पाणी सुटलं होतं."

"यंत्रानं आपणहून सोडलं असेल?" चौकशी अधिकारी पाटणकरांनी विचारलं.

"शक्यच नाही," हे यंत्र उभारणारी अभियंता मृणाल म्हणाली. " दरवाजे चालवणारा हा 'निर्णायक' प्रोग्रॅम पाण्याचं गणित अचूक करतो, पण खाली पात्रात कोण जाळं टाकून बसलंय, ते त्याला दिसत नाही. म्हणून तर मी हे अनुमतीबटण बसवलं. दिवा लागला की माणसानं खिडकीतून पात्र बघायचं आणि मग बटण दाबायचं. आतले विजेचे दोन खिळे जोडले गेले तरच दरवाजे उघडतात. प्रोग्रॅमला बोट नसतं, साहेब! होकार देतो तो माणूसच."

"आत कुणी हात घातला असेल तर?"

"झाकणाखाली चोरकळ आहे. झाकण उघडलं की नोंद होते. तीन वर्षांत ते एकदाच उघडलंय, यंत्र बसवलं त्या दिवशी."

"दिवा लागतो न लागतो तोच विझतो," नामदेव उसळला. "दोनदा लेखी कळवलं. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नका!"

"मग या, डोळ्यांनी बघा!" तिनं तावातावानं स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

बटणाच्या दोन खिळ्यांवर तांदळाएवढी काळी टोपी बसली होती. जंपर. खिळे कायमचे जोडलेले. म्हणजे यंत्राच्या लेखी बटण रात्रंदिवस दाबलेलंच. विचारायचा अवकाश, होकार तयार!

टोपीवर वाळलेलं कुंकू होतं.

मृणालनं ते कुंकू ओळखलं. चाचणीच्या दिवशी दोनशे वेळा बटण दाबून अंगठा सुजला, म्हणून तिनंच जंपर घातला होता. काढायचा विसरू नये म्हणून पूजेच्या ताटातलं कुंकूही तिनंच लावलं होतं. मग मंत्री आले, नारळ फुटला, पेढे वाटले आणि घाईघाईत झाकण बसलं.

"काय आहे ते?" पाटणकरांनी वाकून विचारलं. जंपर म्हणजे काय, हे त्या खोलीत तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. चिमटीत धरून काढला असता, तर कुणाला कळलंही नसतं.

मेले, तीन वर्षं काय झोपली होतीस? तिनं स्वतःलाच शिवी हासडली.

"लिहा, साहेब. होकार देणारी व्यक्ती, मृणाल सबनीस."

"पण पाणी सुटलं त्या दिवशी तुम्ही इथे नव्हतात!" पाटणकर म्हणाले.

"नव्हते. होकार तीन वर्षांपूर्वीच दिला होता. पुढच्या सगळ्या दिवसांसाठी."

तिनं नामदेवसमोर हात जोडले. त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"माझ्यापुढे कशाला जोडता? त्या दोघांच्या घरी जा, बाई."