देऊ का त्यांना फोन?

“उमेदवाराच्या मागच्या पोलीस ठाण्यात फोन करून हवं ते विचार, पण त्याला कधी फोनवर बोलावू नकोस,” असं माझ्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या ताईंनी निवृत्त होताना मला बजावलं होतं. मी हसले. नोकरी सोडून गेलेला माणूस जुन्या ठाण्यात फोनवर येणार कसा? ताईंनी खुर्चीवरची उशी पिशवीत कोंबली. “हसून घे,” म्हणाल्या. “मीही हसले होते.”

आमचा पडताळणी कक्ष म्हणजे स्थळाची चौकशी करणाऱ्या आत्याबाईच. फरक इतकाच, की आमची सगळी स्थळं पोलीस. दुसऱ्या शहरातून नोकरी मागायला आलेला पोलीस आधी कुठे होता, तिथून का गेला, कुणावर हात उगारला का, शिक्षा झाली का, हे त्याच्या सेवापुस्तकात बघायचं. मेख अशी, की चौकशी पुरी होण्याआधी त्याने राजीनामा दिला तर शेरा पडतच नाही. पाटी कोरी! म्हणून जुन्या ठाण्यांना फोन करायचे आणि समोरचा कुठे अडखळतो ते टिपायचं. हे काम माझं. काळजी करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते, आणि परत का आले तेच विसरते.

त्या दिवशी पोरीला ताप होता. तिला सासूबाईंच्या हवाली करून मी कामावर आले होते. भरायची जागा बालवाडीच्या फाटकावरच्या हवालदाराची होती, आणि बालवाडी आमच्याच पोरीची. साहेबांना तसं सांगितलं, तर म्हणाले, “मग तर तुम्ही नीटच बघाल.”

उमेदवार काचेपलीकडे बाकावर बसला होता. चाळिशीचा, चापून भांग पाडलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. झाडलोट करणाऱ्या बाईंनी त्याच्यासाठी खिडकी उघडून दिली होती. ती खिडकी उघडत नाही, असं मला त्यांनीच किती वेळा सांगितलं होतं. सेवापुस्तकात चार ठाणी, चार राजीनामे आणि एकही शेरा नाही. इतका स्वच्छपणा मला खुपला.

पहिल्या ठाण्याचा कारकून खुलला. “ते होय? सोन्यासारखा माणूस! आत्ताच चहाला गेलेत.”

“त्यांनी तुमची नोकरी सोडली ना?”

“सोडलीय की. येतीलच इतक्यात.”

कारकुनाच्या डोळ्यांवर दुपारची झोप असेल, असं म्हणून मी दुसरा फोन लावला. तिथल्या बाईंचा आवाज खणखणीत. “हे काय, पंख्याला तेल घालतायत. अहो, जपून, स्टूल डुगडुगतंय!” हे मला उद्देशून नव्हतं. मागे कसलीशी कुरकुर चालली होती. ती थांबली.

तिसऱ्या ठाण्याने तर मी विचारायच्या आतच सांगितलं, “आहेत, आहेत.”

मी काचेतून पाहिलं. तो बाकावरच होता.

चौथ्या ठाण्यात कुणी म्हातारे गृहस्थ होते. “देऊ का त्यांना फोन?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. चार ठाणी मिळून एका नवख्या बाईची टर उडवतात म्हणजे काय? “द्या!” मी म्हटलं. “द्याच!”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“बोला मॅडम,” आवाज मऊ होता. “पोरीचा ताप उतरला का?”

बाकावरचा माणूस माझ्याकडेच बघत होता. तोंड मिटलेलं. हात गुडघ्यांवर.

मी ‘अपात्र’ असा शेरा मारून साहेबांकडे गेले. त्यांनी कारण विचारलं.

“साहेब, हा माणूस अजून चारही ठाण्यांत आहे.”

“चारही ठिकाणी हजर?” साहेब खदखदून हसले. “अहो, आपल्याकडे लोक एका ठिकाणी हजर राहीनात!” आणि माझा शेरा खोडून त्यांनी सही ठोकली.

तो फाटकावर रुजू झाला. पोरांची नाकं पुसायचा, बुटांचे बंद बांधायचा. सगळ्या आया खूश.

“इतक्या जणी चांगलं म्हणतात,” नवरा म्हणाला, “तुला एकटीलाच काय टोचतंय?”

“मी चौकशी केलीय.”

“लग्नाआधी माझीही केली होतीस.”

“म्हणून तर माझा चौकशीवर विश्वास आहे. तू निघालास ना तसाच!”

त्याच आठवड्यात मी पोरीचं नाव काढलं. फाटकात तो आदबीने बाजूला झाला. “नेताय? न्या,” म्हणाला. “तिची जागा राहील.”

पुढे नवऱ्याची बदली झाली. नव्या शाळेने जुना दाखला मागितला, म्हणून मी बालवाडीत फोन केला.

“दाखला कशाला?” तिथल्या बाई म्हणाल्या. “आहे की इथेच. चित्र काढतेय.”

पोर माझ्या मांडीवर बसून मोजे काढत होती.

“देऊ का तिला फोन?”

“नको,” मी म्हणाले.

मागून खोकला ऐकू आला. तापानंतरचा, ओलसर. तो मी कुठेही ओळखेन.

मी स्वतः जाऊन बघितलं असतं. पण हिला तिथे घेऊन जायचं नाही, आणि मागे एकटं सोडूनही जायचं नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या भागात बालवाडीच्या फाटकावर असा मऊ बोलणारा हवालदार असेल, तर त्याच्याशी बोलू नका, नुसतं खिडकीतून आत डोकावा. कपाळावरचे केस वाकडे कापलेली एक मुलगी असेल. ते मीच कापलेत. संध्याकाळी तिला घ्यायला कोणी येतं का, एवढं बघा. आणि कोणी नसेल, तर तिला पाणी विचारा. ती आपणहून मागत नाही.