तीन मात्रांचा पडसाद

सौंसरहून जामसांवलीकडे निघालं की डाव्या हाताला संत्र्याचे बगिचे सुरू होतात. त्यातला चौथा भैय्याजींचा. मधोमध विहीर, विहिरीला सिमेंटचा ओटा आणि समोर, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतापलीकडे, सागाची एक टेकडी. जानेवारीतल्या एका सकाळी भैय्याजींनी त्या ओट्यावर लाकडी घोडी पक्की केली आणि तिच्यावर मुठीएवढं नवंकोरं इंजिन बसवलं.

विमानाचं इंजिन होतं ते. खेळण्यातलं म्हटलेलं भैय्याजींना खपायचं नाही. "फोर-स्ट्रोक आहे, नलू. मोटारसायकलवानी व्हॉल्व्ह आहेत याले."

तीस वर्षं त्यांनी पांढुर्ण्यात मुलांना डिझेल इंजिन शिकवलं. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून सहा फूट पंखांचं विमान बांधलं. पण आयुष्यभर इंजिनांपाशी उभं राहून कान गेले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, उरलंसुरलं वर्षभरात जाईल. त्याच्या आत ते विमान एकदा उडवायचं होतं, आणि उडताना ऐकायचं होतं.

इंजिन जुळवायला तर कानच लागतात. ते बायकोकडे, नलिनीबाईंकडे होते. त्या शाळेत गाणं शिकवायच्या. पेटीचा एक सूर केसभर उतरला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "मी इंधनाची सुई फिरवतो, तू ऐक," भैय्याजी म्हणाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. असं काम मात्र दोघांनी पहिल्यांदाच मिळून केलं.

नवं इंजिन एकदम पळवायचं नसतं. इंधन जास्त सोडायचं, हळू चालवायचं, दोन-तीन मिनिटांनी बंद करून गार होऊ द्यायचं. मग पुन्हा. भैय्याजींनी काठीने पंखा टिचकावला. चौथ्या टिचकीला इंजिन सुरू झालं आणि इंधनातल्या एरंडेलाच्या धुराचा गोडसर वास संत्र्यांच्या वासात मिसळला. थोड्या वेळाने त्यांनी इंधनाची नळी चिमटीत दाबली. पंखा थांबला.

टेकडीकडून मात्र आवाज चालूच होता. एक, दोन, तीन मात्रा. मग तोही थांबला.

"पडसाद आहे वाटतं," नलिनीबाई म्हणाल्या. "तीन सेकंद. माझी मात्रा सेकंदाचीच असते."

"तीन सेकंदात आवाज हजार मीटर जाते. पाचशे जायले, पाचशे यायले." भैय्याजींनी टेकडीकडे बघून डोळे बारीक केले. "जमते बरोबर."

दुसऱ्या दिवशी इंजिन रुसलं. प्लगवरची बॅटरी काढली की बंद पडायचं. भैय्याजींनी प्लग बदलला, व्हॉल्व्हमध्ये पत्ती घालून फट तपासली, शेवटी चष्मा कपाळावर सारून नळी निरखली. आत बारीक बुडबुडे होते. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक. नळी बदलल्यावर इंजिन सुरेख चाललं. बंद केलं, तेव्हा पडसाद दोनच मात्रा टिकला.

"मोजताना चुकली असशील तू."

"मी?" नलिनीबाईंनी फक्त एवढंच म्हटलं. भैय्याजींनी हसून दोन्ही कान पकडले.

तिसऱ्या दिवशी एकच मात्रा. चौथ्या दिवशी काहीच नाही. इंजिन थांबलं आणि त्याच क्षणी सगळं शांत झालं. "बघ, गेला पडसाद. हवेचा खेळ असते," भैय्याजी म्हणाले. नलिनीबाईंना हवेचा हा खेळ पटला नव्हता. टेकडी काही जवळ आली नव्हती. त्या गप्प राहिल्या, कारण भैय्याजी खुश होते. पाच मिनिटं सलग चालवता आलं होतं.

पाचव्या दिवशी त्या ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. इंजिन घुमत होतं. अचानक टेकडीकडचा आवाज तुटला. त्यांना वाटलं, यांनी नळी दाबली. पाहिलं, तर भैय्याजींचा हात अजून गुडघ्यावर होता. दोन मात्रांनी तो उचलला गेला, नळीकडे गेला, आणि इंजिन बंद पडलं.

त्या दुपारी नत्थूजी सायकलवरून बांधाशी उतरले. टेकडीच्या पायथ्याच्या बगिच्याची राखण ते करत.

"बाई, एक विचारू? तिकडं टेकडीवर कोणी दुसरं मशीन लावलं हाय का?"

"नाही. काहून?"

"सकाळी अठी बांधाशी आलो होतो. म्हटलं, भैय्याजीचं विमान पाहू. तिकडं आवाज सुरू झाला, तं भैय्याजी अजून पंख्याले काठीच लावून राहिले होते." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वाऱ्यानं होत असंन."

त्या दिवशी वारा नव्हता. नलिनीबाईंनी नत्थूजींना चहा दिला. भैय्याजी कानातलं यंत्र काढून झाडाखाली डुलकी घेत होते. त्यांच्यापर्यंत यातलं काहीच गेलं नाही, आणि नलिनीबाईंनीही ते नेलं नाही.

सहाव्या दिवशी पूर्ण वेग द्यायचा होता. सुई थोडी थोडी आवळत इंधन कमी करायचं, आवाज कापडासारखा फाटू लागला की थांबायचं. नलिनीबाई हात वर धरून होत्या. अजून, अजून. आवाज चढत गेला, एका सुरात लागला. भैय्याजींनी ओरडून विचारलं, "लागला का?" त्यांनी मान डोलावली. भैय्याजींच्या चेहऱ्यावर इतकं हसू होतं, की नलिनीबाईंना वाटलं, उगाच घाबरतो आपण.

पाना पंख्याच्या पुढच्या बाजूला राहिला होता. चालत्या पंख्यासमोर जायचं नाही, हे भैय्याजींनीच त्यांना शिकवलं होतं. तरी ते पाना घ्यायला वाकत पुढे गेले.

टेकडीकडून ताडकन आवाज आला.

आणि मागोमाग एका बाईची किंकाळी.

नलिनीबाईंनी विचार केला नाही. भैय्याजींचा स्वेटर दोन्ही मुठींत धरून त्यांनी ओढलं. दोघंही मातीत पडले.

घोडीवरचं इंजिन ठसकलं, उलटा झटका बसला, नट सुटला. ताडकन आवाज झाला. पंखा त्यांच्या डोक्यावरून गेला आणि संत्र्याच्या खोडात रुतून बसला.

तेव्हा नलिनीबाई किंचाळल्या. किंकाळी घशातून बाहेर पडत असतानाच त्यांनी ती ओळखली. तोच सूर, शेवटी तशीच चिरकलेली.

भैय्याजींच्या कोपराला खरचटलं होतं. त्यांनी आधी खोडात रुतलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तुले कसं समजलं?"

त्यांनी सगळं सांगितलं. मात्रा, नत्थूजी, सगळं. भैय्याजींनी या वेळी हिशेब मांडला नाही. उठून त्यांनी इंजिन उतरवलं, तेलाच्या फडक्याने पुसलं, डब्यात ठेवलं. मग पहिल्यांदाच, दिवसाढवळ्या, उघड्या बगिच्यात, त्यांनी नलिनीबाईंचा हात हातात घेतला.

"जाऊ दे विमान. तू ऐकलं न, कसं लागलं होतं?"

"तंबोऱ्यासारखं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तीन दिवस टेकडी गप्प होती. चौथ्या दिवशी सकाळी दोघं ओट्यावर उन्हात बसले होते. इंजिन डब्यात होतं. भैय्याजी बशीतल्या चहावर फुंकर घालत होते.

"अहो."

आवाज टेकडीकडून आला. नलिनीबाईंचाच होता. झोपलेल्या माणसाला उठवताना असतो तसा, बेताचा.

"अहो, उठा न. ऊन आलं."

थोडं थांबून, पुन्हा.

"अहो…"

मग काही नाही. हाकेला ओ आली नाही. भैय्याजींनी बशी खाली ठेवली. "अशी काय पाहून राहिली माझ्याकडं?"

"काही नाही. मिशीला चहा लागला," त्या म्हणाल्या, आणि पदराने त्यांची मिशी पुसली.

त्याला आता सात आठवडे झाले. त्या दिवसापासून नलिनीबाईंनी भैय्याजींना एकदाही हाक मारून उठवलेलं नाही. रोज पहाटे आंघोळ करून त्या पलंगाशी खुर्ची ओढतात आणि तोंड घट्ट मिटून बसतात. ते आपोआप डोळे उघडतात, बायको समोर बसलेली पाहून लाजतात, म्हणतात, "म्हातारपणी हे काय नवीन?"

आज खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायथ्यापासून सरकत सरकत भैय्याजींच्या उशीवर आलं आहे. बाहेर दूधवाला दोनदा घंटी वाजवून गेला. नलिनीबाई अजून खुर्चीतच आहेत. त्यांनी ओठांवर पदर दाबून धरला आहे.