पदराआडचं हसू

परतूरच्या स्टेशन रोडवरचा नेहमीचा फोटो स्टुडिओ त्या दिवशी बंद होता. म्हणून मी समोरच्या फोटोच्या दुकानात शिरले... एवढंच झालं, आणि धर्मराज भेटला.

कॉम्प्युटरपुढे बसलेला, सावळा, कमी बोलणारा. मी पर्समधून एक जुना, पुसट झालेला ग्रुप फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला. आष्टीतल्या कुणाच्या तरी लग्नातला. मागच्या रांगेत माझी आई, बेबीनंदा. हसू आलं म्हणून तिनं नेमका पदर तोंडावर धरलेला. मी सहा वर्षांची असताना तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिचा हा एकच फोटो आमच्याकडे उरला होता. आता आष्टीला नवं घर झालं होतं. भिंतीवर ती हवी होती.

“पदर काढता येईल,” तो म्हणाला. “पण खाली तोंड कसं होतं, ते तुम्हाला सांगावं लागंल.”

मला आठवत नव्हतं. आईचा चेहरा आठवत नाही, हे वीस वर्षांत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या परक्या मुलाला मात्र सांगून बसले.

त्यानं फोटोवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “थोडं हसता का? तुमचं तोंड आईवर गेलं आसंल. कामासाठीच म्हणून राह्यलो...”

मी हसले नाही. पण दुसऱ्या दिवशी, परतूरला मी शिकवते ती शाळा सुटल्यावर, पुन्हा गेले.

पंधरा दिवस असंच चाललं. तो रोज एक प्रश्न द्यायचा आणि मी तो एसटीनं घरी न्यायचे. टिकली केवढी लावायच्या? नाकातली चमकी डावीकडं का उजवीकडं? आमच्या घरात आईचा विषय निघत नसे. मी रडेन म्हणून पप्पा बोलत नसत, आणि ते रडतील म्हणून मी. पहिल्या प्रश्नाला पप्पा ताटावरून उठून गेले. चौथ्या दिवशी मात्र आपणहून सांगू लागले. भाकरी थापताना ती गाणी म्हणायची, तीही बेसूर. टिकली चांगली मोठी लावायची.

“आन् हसली की डाव्या गालाला खळी पडायची,” पप्पा म्हणाले. “तुला पडती, तशी.”

मला खळी पडते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. धर्मराजला सांगितलं, तर तो कीबोर्डकडे बघत राहिला.

“मला म्हाईत होतं,” तो म्हणाला. “मागच्या मंगळवारी तुम्ही हसल्या, तव्हापासून.”

“मंग सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही हसायचं बंद केलं असतं.”

शनिवारी फोटो तयार झाला. स्क्रीनवर आई हसत होती... आणि मला ती एकदम आठवली. न्हाऊ घालताना माझ्या डोळ्यांत साबण गेला की ती अशीच हसत पदरानं माझे डोळे टिपायची. मला रडू फुटलं. सहा वर्षांच्या मुलीसारखी मी हुंदके देऊन रडले.

त्यानं ‘रडू नका’ म्हटलं नाही. पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवली, शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. पासपोर्ट फोटोसाठी आलेल्यांना तो नंतर यायला सांगत होता, ते मला आतून ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळानं मी बाहेर आले, त्याच्या शेजारी बसले.

“काम झालं,” तो रस्त्याकडे बघत म्हणाला. “आता तुम्ही येणार न्हाई.”

“मला अधूनमधून असं रडू येणार,” मी म्हणाले. “लग्नानंतरसुद्धा. चालंल का तुम्हाला?”

लग्नाचा विषय आमच्यात तोवर निघालाच नव्हता. त्याचे कान लाल झाले.

“चालंल,” तो म्हणाला. “मी असाच बाहेर बसत जाईन... का आत बसू?”

“आत,” मी म्हणाले.