शेवटचा फर्मा

"तुम्ही पुस्तकं बांधता की कापता?"

जिन्याखालच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून धाकटीने हे एका दमात विचारलं, आणि मग तिला दिसलं, की आत एकच माणूस आहे. तरुण. दातांत दोरा, हातात सुई, मांडीवर पोट उघडं टाकून पडलेलं एक जाडजूड पुस्तक. दोरा दातांत असल्यामुळे बिचाऱ्याला उत्तरही देता येईना. त्याने नुसत्या भुवया उंचावल्या.

"वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, भांडायचंच असेल तर बाइंडरशी भांड. म्हणून आले." तिने हातातलं पुस्तक त्याच्यासमोर आपटलं. "शेवटचं वाक्य वाचा. मोठ्याने."

त्याने दोरा काढला आणि शहाण्या मुलासारखं वाचलं, "'बाहेर वादळ घोंगावत होतं. दारावर थाप पडली. तिने कडी काढली, आणि समोर...'"

"हं. समोर?"

त्याने पान उलटलं. "समोर... पुठ्ठा."

हसायचं नाही असं ठरवूनही धाकटीला हसू आलं. ते लपवायला तिने आवाज आणखी चढवला. "घरी माझी वहिनी बाळंतीण आहे. बाळाला पाजताना तिचे हात अडकलेले, कान मोकळे, म्हणून मी तिला रोज वाचून दाखवते. काल या 'समोर'पाशी आलो आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये. जणू पानं मीच खाल्ली!"

बाइंडरने पुस्तकाच्या कण्यावरून अंगठा फिरवला. "शेवटचा फर्मा राहिलाय. सोळा पानांची एक जुडी. अशा जुड्या एकीला एक शिवल्या की पुस्तक होतं. चूक माझीच." मग कपाळाला हात लावून म्हणाला, "थांबा, या लॉटमधला एक फर्मा उरलेला पाहिलाय मी. शेवटची दोन पानं तर वाचलीसुद्धा. खळ वाळेपर्यंत माणूस करणार काय?"

"म्हणजे तुम्हाला शेवट माहीत आहे!"

"फक्त शेवट. बाकी काही नाही."

"आणि मला शेवट सोडून सगळं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"मग सांगा की," ती म्हणाली.

"अंहं. नुसत्या शेवटाला काय चव? आधी तुम्ही गोष्ट सांगा. तोवर फर्मा शोधतो."

तर अशी सुरुवात झाली.

धाकटी जवळच्याच रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, "मूठ आवळा, तिकडे बघा" म्हणायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन जिन्याखाली. वाचनालयात कुणीतरी कॅरिबियन बेटांवरच्या आणि तिथून दूर जाऊन वसलेल्या लेखकांच्या कादंबऱ्यांचा अनुवादित संच दिला होता, बांधणी याच दुकानातली. सगळी पुस्तकं एका मापाची, एका कागदाची, पानांची संख्यासुद्धा सारखीच. तिने त्यातली दोन घरी आणली होती. एक स्वतःला आणि वहिनीला, दुसरं बाबांना.

"तर एक मुलगी आजीपाशी राहते," ती डब्याचं झाकण उघडत सांगायची. "आई समुद्रापलीकडे, थंड शहरात, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेलेली. वर्षातून एकदा तिचं निळं पिंप येतं. भलंमोठं. त्यात साबण, कपडे, डबाबंद मासे आणि बूट. बूट दरवर्षी घट्ट होतात."

"का?"

"आईच्या डोक्यात पाय लहानच राहिलेत ना."

बाइंडरची सुई थांबली. तो म्हणाला, "सावकाश सांगा. पावसाळी हवेत खळ वाळत नाही. मला घाई नाही."

ते दिवसही ओलसर होते. जिन्यावरून माणसं ये-जा करत, छत्र्यांचं पाणी ठिबकत खाली येई आणि पायरीवर दोघांच्या मध्ये एक छोटंसं तळं साचे. ती पलीकडे बसायची, तो अलीकडे. कुणी तळं पुसलं नाही... आणि कुणी दूरही सरकलं नाही.

एकदा तो बाह्या सरसावून पुस्तक दाबयंत्रात आवळत होता. बघता बघता ती बोलून गेली, "अगंबाई, काय सुरेख शीर आहे तुमची!"

"काय?"

"हातावरची. पहिल्या टोचणीत सापडेल अशी." मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, आमच्या कामात..."

"आजवर कुणी असं कौतुक केलं नव्हतं," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लालबुंद. त्यानंतर त्याच्या बाह्या रोजच सरसावलेल्या असायच्या.

कादंबरीतल्या आजीची एक खोड त्याला फार आवडली. संध्याकाळी पोरं जमली की आजी म्हणायची, "टिम टिम?" आणि पोरांनी ओरडायचं, "सुकं लाकूड!" म्हणजे आम्ही तयार आहोत, घाल कोडं. उत्तर आलं नाही तर कबूल करायचं, "मी वाटाणे गिळले." मग कोडं घालणाऱ्यानेच उत्तर सांगायचं, तिथे सुटका नाही.

"टिम टिम?" दुसऱ्या दिवशी ती पायरीवर आली तशी त्याने विचारलंच.

"सुकं लाकूड!"

"रोज दुपारी येतं, माझा निम्मा डबा संपवतं, आणि वर म्हणतं भाजीत मीठ कमी आहे."

"मांजर," ती शांतपणे म्हणाली आणि त्याच्या डब्यातला घास उचलला.

घरी वहिनीला सगळा वास लागला होता. "शेवट सापडला का गं?" बाळाला खांद्यावर टाकून पाठ थोपटत ती विचारायची. "का सापडायला नकोच आहे?"

"वहिनी, काहीतरीच तुझं."

"काहीतरीच कसं? डबा दोघांचा नेतेस हल्ली. मी काय बाळाकडेच बघत असते वाटतं?"

बाबा मात्र आपल्या पुस्तकात. त्यांच्या कादंबरीत थंड शहरातला एक बस कंडक्टर होता. बेट सोडून आलेला, तिकिटं फाडता फाडता म्हातारा झालेला. एक दिवस चष्मा काढून त्यांनी जाहीर केलं, "संपलं. पण शेवटी कंडक्टर गायब! सगळं वाचकावर सोडलंय. नव्या पद्धतीचं लिखाण असतं हे, तुम्हाला नाही कळायचं." कुणी लक्ष दिलं नाही. कारण त्याच वेळी धाकटीचा फोन वाजला होता.

लांबच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाचा फोन. नोकरी मिळाली होती. तिला हवी होती, कधीपासून हवी होती. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं. घरात आनंदीआनंद झाला, आणि तिने मात्र दोघांचा डबा घासायला घेतला. कारण जिन्याखाली अजून कुणी काही बोललंच नव्हतं.

तिने त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "अरे वा!" आणि सुई बोटात घुसवून घेतली.

त्या दिवसापासून त्याची कोडी बंद. गोष्ट तो ऐकायचा, पण खाली मान घालून. गोष्टीतही आता मुलगी मोठी झाली होती, आईने तिला बोलावून घेतलं होतं, आणि गावातला होड्या बांधणारा तिला काही म्हणजे काही बोलत नव्हता. सांगताना धाकटीच चिडायची. "काय माणूस आहे! एवढ्या होड्या बांधतो, एक वाक्य बांधता येत नाही?" बाइंडरने दोऱ्याला गाठ मारली.

शेवटी तिच्याकडची गोष्ट संपली. 'समोर'पर्यंत आली.

"आता तुमची पाळी," ती म्हणाली.

"नको. राहू दे."

"ठरलं होतं आपलं!"

"काही शेवट न वाचलेलेच बरे असतात."

"ते मी ठरवेन." तिने हात पुढे केला. "फर्मा सापडला नाही म्हणून सांगू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात."

त्याने फळीमागून कागदांची जुडी काढून तिच्या हातात दिली आणि पाठ फिरवली. तिने आधी शेवटचं पान वाचलं. जहाज धक्क्यावरून सुटलंय. ती कठड्यापाशी. तो खाली उभा, हातसुद्धा हलवत नाही. समाप्त.

असं होतं तर. डोळे भरून आले, तशीच ती जुडीच्या पहिल्या पानाकडे वळली. आणि थांबली. नाक ओढलं. पुन्हा वाचलं.

"बाइंडर."

"हं."

"तिने कडी काढली, आणि समोर... 'डेपोत रात्रीची शेवटची बस लागली होती'?"

तो वळला.

"बेटावरच्या झोपडीच्या दारात बस डेपो?" ती उठूनच उभी राहिली. "हा तर कंडक्टर! बाबांचा कंडक्टर! अहो, फर्म्यांची गल्लत केलीत तुम्ही! आमचा शेवट बाबांच्या पुस्तकात शिवलाय!"

"पानांचे आकडे जुळत होते..." तो पुटपुटला, आणि पुढच्या क्षणी दोघं पावसात धावत होते. तिच्या हातात त्याची छत्री, तीही मिटलेली. त्याच्या सदऱ्याखाली कंडक्टर.

दारात वहिनीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हाच का तो, पानं खाणारा?"

बाबा आरामखुर्चीत, पुन्हा वाचायला घेतलेलं तेच पुस्तक छातीवर ठेवून पेंगत होते. सगळा प्रकार ऐकून ते जरासे दुखावले. "म्हणजे ते नव्या पद्धतीचं लिखाण नव्हतं?"

"नाही काका," बाइंडर ओशाळून म्हणाला, "जुन्या पद्धतीची चूक होती."

"ज्याने गाळलं त्यानेच वाचायचं," वहिनीने बाळाला पदराखाली घेत हुकूम सोडला. मग तो मोड्यावर बसला आणि वाचू लागला. कडी निघते. समोर होडीवाला, नखशिखांत भिजलेला. थांब म्हणत नाही, जा म्हणत नाही. कोटाखालून बुटांची जोडी काढतो. ओल्या वाळूतल्या तिच्या पावलांवरून माप घेऊन करवलेली. ती पाय घालते. आयुष्यात पहिल्यांदा बूट घट्ट होत नाहीत. "होडी झालीय," तो म्हणतो. "दोघं मावतो. कुठे न्यायची, तू सांग."

त्याने पुस्तक मिटलं. मग वहिनीने एक भलामोठा श्वास सोडला. "हुश्श! मला तर वाटलं होतं, बुडवतायत मेल्याला."

बाळानेही त्याच वेळी एक खणखणीत ढेकर दिला.

धाकटी बाइंडरला घराच्या जिन्यापर्यंत सोडायला आली. पाऊस बारीक झाला होता.

"मला वाटलं, शेवट तोच आहे," तो कठड्याकडे बघत म्हणाला. "जहाज, धक्का. तुम्ही निघालात, आणि माझ्या हातात असला शेवट... म्हणून तोंड शिवून बसलो."

"आणि आता?"

त्याने घसा साफ केला. "टिम टिम?"

ती एक पायरी खाली उतरली. "सुकं लाकूड."

"दोन जण असतात. एकीकडे सगळी गोष्ट, दुसऱ्याकडे नुसता शेवट, तोही चुकीचा. तर... दोघांनी काय करावं?"

उत्तर तिला माहीत होतं. जिभेवर होतं.

"मी वाटाणे गिळले," ती म्हणाली.

"एवढ्यात? विचार तरी करा!"

"नियम म्हणजे नियम. आता तुम्हीच सांगायचं."

तो हसला, मग गंभीर झाला, मग एकदाचं बोलला. "मी येऊ तुमच्याबरोबर? म्हणजे... फाटकी पुस्तकं तिकडेही असतीलच की."

तिने त्याचं मनगट हातात घेतलं. ती सुरेख शीर तिच्या बोटाखाली नुसती उड्या मारत होती.

"केवढी पळतेय तुझी नाडी," ती हळूच म्हणाली. "अरे, ये ना."

'तुमची'ची 'तुझी' कधी झाली, ते दोघांच्या लक्षात येईपर्यंत आतून वहिनीची हाक आली, "काय म्हणाला गं तो? जरा मोठ्याने बोला की! माझे हात अडकलेत!"