छताला पाजलेला गूळ

धामणगडाच्या पूर्व बुरुजामागे तांबडे फुटले तेव्हा खाली वेढा घालून बसलेल्या जाचकांच्या छावणीत चुली पेटल्या होत्या, आणि त्या चुलींवर भाजणाऱ्या भाकऱ्यांचा वास, वाऱ्याला कोणाचीच शरम नसल्यामुळे, उभा कडा चढून थेट गडावरच्या उपाशी शिबंदीच्या नाकाशी येऊन थांबला होता. गडावर एकाही घरातून धूर निघाला नाही.

किल्लेदार हैबतराव माघात तटावर लढताना पडले. त्यांच्यामागे गड त्यांची विधवा चिमाबाई सांभाळत होती. कोठावळा तापाने गेल्यापासून कोठीच्या किल्ल्या तिच्याच कमरेला असत आणि शिधाही तीच वाटून देई, त्यामुळे कोठीत काय उरले आहे हे सबंध गडावर एकट्या तिलाच ठाऊक होते: तळाशी थोडे उडीद आणि गुळाची एक ढेप. बाकी झाडलेली जमीन. हे कोणाला सांगावे, तर भुकेल्या पोटात गोष्ट राहत नाही. न सांगावे, तर एकटेपण खायला उठते. ती न सांगता राहिली.

त्या सकाळी सरदार निंबराव जाचकांचा निरोप आला की त्यांचे वकील गिरमाजीपंत बोलणी करण्यास येत आहेत. चिमाबाईने ओळखले की हा माणूस बोलायला नव्हे, पाहायला येतो आहे. मृग तोंडावर आला होता. गडावर पावसाळा निघेल इतका दाणा आहे असे जाचकांना वाटले, तर चिखलात कुजण्यापेक्षा ते वेढा उठवतील. भुकेचा सुगावा लागला, तर थोडे थांबून गड घेतील आणि तटावर लढलेल्या प्रत्येकाचे हात तोडतील. शेजारच्या ठाण्यात त्यांनी ते करून दाखवले होते.

तिने सटवाजी गवंड्याला सदरेवर बोलावले. तोफांच्या हादऱ्यांनी सदरेच्या छताचा जुना गिलावा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडकला होता, आणि हैबतरावांनी हौसेने काढून घेतलेल्या कमळांच्या पाकळ्या रोज जमिनीवर गळत.

"सटवाजी, आजच परांची बांध. भेगा भरून गिलावा नवा कर, आणि वर कमळे होती तशी रंगव."

सटवाजीने वर पाहिले. "आईसाहेब, छताचा चुना गुळाबिगर धरत न्हाई. उडदाचं पीठबी लागतं."

"कोठीतून देते."

"गूळ हाय?" त्याचा आवाज बदलला. "मग मूठभर माज्या भागूला द्या. बाळंत झाल्यापासनं पोरीच्या अंगावर दूध न्हाई. नातू रडायचाबी थांबलाय."

चिमाबाईला रडू आले आणि ते तिने गिळले. मूठभर गूळ देता आला असता. पण गूळ मुठीने मोजायची पाळी आली हे गडाला कळले की वकिलाला कळणार. उलट, बाई छताला गूळ पाजते आणि बाळंतिणीला उपाशी ठेवते असा बोभाटा झाला, तर कोठी भरलेली असल्याची त्याहून मोठी साक्ष कोणती? आणि हा बोभाटा मनापासून व्हायला हवा होता. नाटकातला राग त्या वकिलाने लगेच ओळखला असता.

"गूळ छतासाठी आहे," ती म्हणाली.

सटवाजी मुजरा न करता गेला. चुना मळायची घाणी फिरू लागली, अंगणात काहिलीत ढेप फुटली, आणि गडाच्या बायका काहिलीभोवती जमून बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागल्या. चिमाबाई सदरेवर बसून एकेक शब्द ऐकत होती. त्यांतल्या पुष्कळजणींची लुगडी तिनेच सणावारी दिलेली होती.

दुपारी गिरमाजीपंत आले. बारा गावचे पाणी प्यालेला माणूस. डोळे अर्धे मिटून सगळे पाहणारा.

"बाईसाहेब, सरदारांची इच्छा इतकीच की उभयपक्षी रक्तपात टळावा, आपण गड खाली करावा, आणि अब्रूस धक्का न लागता माहेरी पोहोचते व्हावे."

"सरदारांस आमचा दंडवत सांगावा. छताचे काम काढले आहे, दसऱ्यापर्यंत सदर रंगून होईल. तेव्हा त्यांनी यावे आणि पानसुपारी घेऊन जावे."

पंत हसले, उठले आणि काहिलीपाशी गेले. सोवळ्याचा माणूस, जिभेला लावणार नव्हता. त्यांनी बोटे बुडवून एकमेकांवर चोळली. बोटे चिकटली. तरीही त्यांचे समाधान होईना. त्यांनी वर पाहिले. परांचीवर उताणा पडून सटवाजी भेगेत चुना दाबत होता.

"गवंडी, घरी सगळी सुखरूप?"

चिमाबाईने मान वर केली नाही. या एका माणसाच्या तोंडावर आता सगळ्यांचे हात टांगलेले होते.

"सुखरूप?" सटवाजी उठून बसला. "माजा नातू मराया लागलाय, पंत. अन् ह्या बाईची कोठी आढ्यापतूर भरलीया. बसा की खाली दिवाळीपतूर, तिला काय फरक पडत न्हाई. मरतुया ते आमी."

चिमाबाई शांतपणे म्हणाली, "सटवाजी, चुना वाळतो आहे. काम कर."

पंतांनी निरोपाचा विडा घेतला. त्यानंतर गडाने उंबराची फळे आणि झाडपाला उकडून खाल्ला, आणि तिसऱ्या सकाळी खालचे डेरे उठलेले दिसले.

दरवाजे उघडले. पायथ्याच्या गावांतून धान्य वर आले, ते ठेवायला माणसे कोठीत शिरली आणि रिकाम्या जमिनीकडे पाहत उभी राहिली. हळूहळू एकेकाच्या ध्यानात आले. शिव्या देणाऱ्या बायका येऊन बाईच्या पायांवर डोके ठेवून गेल्या. सटवाजीचा नातू मात्र वकील गड उतरला त्याच संध्याकाळी गेला होता.

सटवाजी सर्वांच्या शेवटी आला. "तुमी मला सांगायचं हुतं, आईसाहेब. म्या तोंड शिवून ऱ्हायलो असतो."

"राहिला असतास," ती म्हणाली. "पण पंतांनी विचारल्यावर तू जसा बोललास, तसा बोलला नसतास."

तो वळून परांचीवर चढला.

चिमाबाईने गावांतून आलेल्या गुळातली एक ढेप उचलली आणि एकटीच गवंड्याच्या घरी गेली. भागू दाराशी बसली होती. रिकाम्या पदराशी चाळा करत होती.

"ठिवा तितं," भागू म्हणाली. "आता दूध आलं तरी पाजू कुणाला?"

चिमाबाईने ढेप खाली ठेवली. तिला परत फिरता येईना, म्हणून ती उंबऱ्याबाहेर मातीतच बसली. भागूने तिला आत बोलावले नाही, जा असेही म्हटले नाही. दिवस मावळेपर्यंत दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.