त्रेसष्टावं रेकॉर्डिंग

दुकानात कोणी फोन नंबर मागितला की वायरमन आधी "कशाला?" विचारायचा. घरातलं बोलणं परक्या कंपनीच्या हाती का द्यायचं, यावर तो ताटातलं गार होईपर्यंत बोले. शेवटी त्याने अडगळीच्या खोलीत निरोप आणि रेकॉर्डिंग साठवायला स्वतःची मशीन, म्हणजे सर्व्हर, मांडला आणि बायकोला, लेकीला त्यावर आणलं. घरात त्याला 'डबा' म्हणत. असे घरोघरचे शेकडो डबे एकमेकांशी जोडलेले. इथे टाकलेलं तिथल्या ओळखीच्यांकडे उतरायचं, आणि इथे पुसलं की तिथेही पुसण्याचा निरोप जायचा. लेक आधी कुरकुरली, मग रमली. रोज काहीबाही बोलून रेकॉर्ड करायची आणि त्यावर टाकायची.

ती बसच्या अपघातात गेली. चौथ्या दिवशी तिच्या रेकॉर्डिंगखाली अनोळखी लोकांची हळहळ साचायला लागली. वायरमनला ते बघवेना. भर दुपारी, एकट्याने, त्याने तिचं अख्खं अकाउंट पुसलं आणि डब्याची वायर काढली. बायकोला विचारलंही नाही. पुढे तिने लेकीचा आवाज ऐकायला मागितला, तेव्हा "डबा बिघडला गं" म्हणून मोकळा झाला.

"तिचा आवाज मला नीट आठवत नाहीये हो," एवढंच ती म्हणाली.

वायरमन त्याच रात्री कामाला लागला. त्याने ओळखीच्या प्रत्येक सर्व्हरवाल्याला लिहिलं, त्या दिवशी तुमची मशीन बंद होती का? बंद मशीनला पुसण्याचा निरोप कदाचित पोचला नसेल. सगळीकडून नकार आले. मग एका ग्रंथपालबाईंचं उत्तर आलं. "आमची आठवडाभर बंद होती. तुमच्या लेकीचं सगळं शाबूत आहे. त्रेसष्ट रेकॉर्डिंग. पाठवते."

दोघं टेबलाशी बसली. बासष्ट रेकॉर्डिंग ऐकताना बायको हसली, रडली, पुन्हा हसली. त्रेसष्टाव्यावर वायरमनचा हात थांबला. तारीख ती गेल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची होती, त्याने पुसलं त्या दिवसाची.

"हे नको... खराब आहे ते."

"असू दे. लावा."

आधी डब्याची घरघर. बंद खोलीतल्या तापलेल्या धुळीचा वास त्याच्या नाकात उगाचच भरला. मग कीबोर्डची टकटक, आणि हुंदके गिळत रडणारा एक पुरुष. बायकोने वायरमनकडे पाहिलं. तेवढ्यात अगदी कानाशी, लेकीचा आवाज आला.

"बाबा... आईला विचारा ना आधी..."

वायर निघाल्याचा 'टक' आवाज. घरघर थांबली.

"तुम्ही पुसलंत," बायको म्हणाली.

"चुकलो. पण मला ऐकू आलं नव्हतं गं... शपथ."

ती उठून गेली. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

आठवड्याने ग्रंथपालबाईंनी विचारलं, "तुमची मशीन पुन्हा सुरू केलीत का? ती शेवटची फाइल अठरा मिनिटांची होती, आता एकवीसची झालीय." वायरमन अडगळीत धावला. वायर काढलेलीच होती. त्याने ग्रंथपालबाईंकडून नवी तीन मिनिटं मागवून लावली. ताटं सरकल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज. कालचं त्यांचंच जेवण, एका शब्दाशिवाय. आणि जवळच कुठेतरी लेक मुसमुसत होती.

दारात उभी राहून बायकोने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "चला. जेवून घ्या."

आता ती दोघं जेवताना मुद्दाम बोलतात. आमटीत मीठ कमी आहे का, उद्या कामाला किती वाजता निघायचंय, असलंच काहीतरी. फाइल रोज वाढते. लेकीचं रडणं थांबलंय. हल्ली ती कोणालातरी हळू आवाजात समजावत असते, "रडू नका ना, आता बोलतेय ती तुमच्याशी..." पण त्या माणसाचे हुंदके थांबत नाहीत. ते वायरमनचेच आहेत, पुसतानाच्या त्या दुपारचे, हे दोघांनीही ओळखलंय. आणि त्याच रेकॉर्डिंगमध्ये, मागे, वायरमन बायकोकडे आणखी थोडा भात मागतो आहे.