पेरूभोवतीची पायवाट

“गाडी पळवा! अहो, पळवा ना गाडी!”

मावला गावच्या रस्त्यावर प्रगती एका हातात तुटका पट्टा आणि दुसऱ्या हातात ओढणी सावरत धावत होती. पुढे तिचा कुत्रा एका अनोळखी मोटारसायकलभोवती फेऱ्या घालत होता, पोट जमिनीला लागेल इतका वाकून आणि नजर चाकावर रोखून. कापसाच्या गाड्यांचे दिवस होते. रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते, आणि संध्याकाळची थंडी नाकाला झोंबत होती.

गाडीवरच्या तरुणाने गाडी पळवली नाही. उलट इंजिन बंद केलं, दोन्ही पाय टेकवले आणि हाताची घडी घालून तो खांबासारखा बसून राहिला. कुत्र्याने आणखी एक फेरी मारली. मग अर्धीच. मग तो थांबला, त्याने मान तिरकी केली आणि चक्क खाली बसला.

“मी पळवा म्हटलं, अन् तुमी...” प्रगतीला धाप लागली होती.

“मी पळालो असतो तं हा बी पळाला असता, अन् त्याच्यामागं तुमी. बेल्यापर्यंत वरातच निघाली असती.” तो हसला. “पयले तुमी पळनं बंद करा, मॅडम. तुमाले पाहून त्याले चेव येते.”

“चावला असता म्हंजे?”

“हा चावत नाई जी. हा हाकून राह्यला. मेंढ्या हाकायची जात हाय ही. मेंढ्या नाई भेटल्या, तं जे हालते त्याले हाकते.”

प्रगती त्याच्याकडे बघतच राहिली. महिनाभर जो येईल तो कुत्र्याला वेडा, चावरा, नाहीतर बिघडलेला म्हणत होता. त्याची बाजू घेणारं माणूस तिला आज पहिल्यांदाच भेटलं होतं. त्या माणसाचे डोळेही हसरे होते, पण ते तिच्या नंतर लक्षात आलं. असं निदान तिने स्वतःला सांगितलं.

कुत्र्याचं नाव कबऱ्या. तिच्या भावाने, हर्षदीपने, तो हैदराबादेत मोठ्या हौसेने आणला होता. बॉर्डर कोली, काळापांढरा, सात महिन्यांचा. त्याने फ्लॅटमधला सोफा फाडला तेव्हा हर्षदीपला अचानक गावची मोकळी हवा आठवली, आणि कबऱ्या मावल्याला येऊन पडला. इथे त्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. कोणी जरा भरभर चाललं, की हा मागून टाचेला तोंड लावायचा. प्रगतीला पाहायला आलेल्या पाच पाहुण्यांना तर त्याने बैठकीच्या एका कोपऱ्यात गोळा करून ठेवलं होतं. नवरामुलगा खुर्चीवर चढून उभा होता. ते स्थळ अर्थातच परत आलं नाही. प्रगतीला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही, पण तिच्या वडिलांना वाटलं.

वडील खुशालराव तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांचं कार्यालय सुटलं होतं, पण जिभेवरचे हुकूम सुटले नव्हते. त्यांनी कबऱ्याला एक महिन्याची मुदत दिली होती. तेवढ्यात टाचा धरणं सुटलं नाही, तर हर्षदीपच्या मित्राच्या निर्मल शहराजवळच्या शेतावर रवानगी. प्रगतीने ते शेत पाहिलं होतं. तिथली कुत्री दिवसभर साखळीला असत. शाळेत साठ मुलांपुढे घसा कोरडा करून ती घरी यायची, तेव्हा कबऱ्या तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा. तो साखळीला बांधला जाईल हा विचार आला, की ती अर्ध्या ताटावरून उठायची.

“तुमाले शिकवता येते?” तिने विचारलं.

“शेळ्या मले समजते. कुत्रं अर्धं समजते.” तो खाली बसून कबऱ्याच्या कानामागे खाजवत होता. “बाकीचं अर्धं हाच सांगन.”

त्याचं नाव नागसेन. राहायला बेल्याला, आणि मावल्याच्या पुढच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस. रोज संध्याकाळी याच रस्त्याने घरी जायचा. वाटेत अर्धा तास थांबायला हरकत नव्हती, असं तो म्हणाला.

पहिल्याच संध्याकाळी त्याने घरातला घोळ शोधून काढला. खुशालराव कुत्र्याला “बैठ” म्हणत. आई, द्वारकाबाई, “बस रे माह्या राजा” म्हणे. शेजारीण कुंपणावरून तेलुगूत “कूर्चो” ओरडे, आणि हर्षदीप फोनमधून “सिट” म्हणे.

“चार साहेब अन् नोकर एक,” नागसेन म्हणाला. “त्यानं कोनाचं ऐकावं? एका कामाले एकच शब्द ठेवा. अन् शब्द कोनता ते साहेबांनी सांगावं.”

हे खुशालरावांना उद्देशून होतं. ते खुर्चीत सरसावून बसले. बराच विचार करून त्यांनी फर्मावलं, “बोलवायचं असन तं ‘हाजिर’. तीस वर्षं मी हाच शब्द ऐकला.”

आठव्या दिवशी “हाजिर!” म्हणताच कबऱ्या अंगणाच्या टोकावरून धावत आला आणि खुशालरावांच्या खुर्चीपुढे बसला. त्या संध्याकाळी त्यांनी त्याला अकरा वेळा हाजिर केलं.

टाचांचं काम मात्र अवघड होतं. नागसेनचा नियम एकच. कबऱ्या पायात आला, की ओरडायचं नाही, पाय झटकायचा नाही, आणि पळायचं तर मुळीच नाही. जागच्या जागी उभं राहायचं, “थांब” म्हणायचं, आणि तो थांबला की अंड्याचा तुकडा द्यायचा.

“पळालं का हा जितला,” तो सांगे. “एकडाव पळालं, तं आठ दिवसाचं शिकवनं पान्यात.”

त्याने कबऱ्याला कामही दिलं. दिवस मावळताना द्वारकाबाईंच्या कोंबड्या खुराड्यात घालायच्या. कबऱ्या असा दबकत, वळसे घेत त्या गोळा करायचा, की कोंबड्यांनाही वाटावं आपण आपल्याच मनाने चाललो आहोत. मग तो दमून, धन्य होऊन पोत्यावर आडवा व्हायचा. तो पोत्यावर आणि ही दोघं ओट्यावर. चहा यायचा, तो निवायचा, आणि अर्ध्या तासाचा तास व्हायचा.

“तुकडा देताना तुमचा हात थरथरते, मॅडम.”

“थंडी हाय.”

“रविवारी दुपारी बी थरथरत होता...”

“तुमचं लक्ष कुत्र्यावर असते का हातावर?”

“कुत्र्यावर,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग थोडं थांबून, “...जास्त करून.”

प्रगतीने कपात तोंड घातलं. कपात चहा नव्हता.

दिवस असे हळूच सरत गेले. चोविसाव्या संध्याकाळी द्वारकाबाई घाईघाईने अंगणातून गेल्या, आणि कबऱ्या नुसता बघत राहिला. त्याने शेपटी हलवली, पण जागा सोडली नाही. खुशालरावांनी टाळी वाजवली.

“शिकला,” नागसेन म्हणाला. तो कबऱ्याकडेच बघत होता. “आता चार-पाच दिवस. मंग माहं काम संपलं.”

प्रगतीला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. कबऱ्या आता कुठे जाणार नव्हता. पण रात्रभर तिच्या डोक्यात “संपलं” एवढा एकच शब्द घोळत राहिला. सकाळी आई-बाबा उठायच्या आधी ती अंगणात आली. कबऱ्या शेपटी हलवत उभा होता. अंगणात मध्यभागी पेरूचं झाड होतं. तिने एकदा घराकडे पाहिलं, ओढणीचं टोक मोकळं सोडलं... आणि ती पळाली. झाडाभोवती, गोल गोल, खळखळून हसत. कबऱ्याला काय, सणच! तो तिच्या टाचेमागे लागला. संध्याकाळी नागसेनसमोर तो पुन्हा टाचांना झोंबला.

“उलटं काऊन होऊन राह्यलं?” नागसेन म्हणाला. त्याने अंगणभर नजर फिरवली. पेरूपाशी ती जरा अडखळली. मग खुशालरावांकडे वळला. “आनखी आठ दिवस लागतीन जी.”

खुशालरावांनी कुरकुरत मुदत वाढवून दिली. प्रगती इतकी खूश झाली, की तिची तिलाच लाज वाटली. हे चुकीचं होतं, तिला चांगलं कळत होतं. रोज रात्री ती ठरवायची, उद्या नाही. आणि रोज सकाळी पेरूभोवती दोन फेऱ्या व्हायच्याच.

पुढच्याच शुक्रवारी सकाळी खुशालराव आंघोळीच्या कढत पाण्याची बादली घेऊन भरभर निघाले. कबऱ्याने झेप घेतली. बादली एकीकडे, खुशालराव दुसरीकडे. पाणी अंगावर आलं नाही हे नशीब, पण मनगट चांगलंच मुरगळलं. चष्म्याची काच फुटली. दुपारी पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून ते दवाखान्यातून आले, आणि खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी हर्षदीपला फोन लावला.

“रविवारी जीप पाठव म्हन तुह्या दोस्ताले. बस झालं.”

प्रगती दाराला धरून उभी होती. कबऱ्या पोत्यावर दोन पायांत डोकं घालून पडला होता. त्याने गुन्हा केला तरी कोणता? सकाळी जो खेळ शिकवला, तोच तो खेळला होता.

संध्याकाळी नागसेन आला. खुशालरावांचा हात बघून त्याचा चेहरा उतरला. चप्पल काढून तो त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला.

“चूक माही हाय, काकाजी. मले नाई शिकवता आलं. तुमचा हात माह्यानं दुखावला. उद्यापासून मी येनार नाई.”

आता मात्र प्रगतीला राहवलं नाही. एवढे दिवस जे मूग गिळून ती बसली होती, ते सगळे एकदम वर आले.

“याईची चूक नाई, बाबा! कबऱ्याची बी नाई. मी... मी पळवलं त्याले. रोज सकाळी. मुद्दाम.”

“काऊन?” खुशालराव खुर्चीतून उठलेच.

प्रगतीने खाली पाहिलं, वर पाहिलं. द्वारकाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या होत्या. खोटं सांगायला अजून वाव होता. पण खोटं सांगितलं, तर रविवारी जीप येणार होती.

“तो शिकला असता, तं...” तिचा आवाज इतका बारीक झाला, की वर्गातल्या मुलांनी तो ओळखला नसता. “तं हे आले नसते.”

प्रगतीचे कान तापले होते. नागसेनकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती. मग त्याचाच आवाज आला.

“मले माईत होतं.”

तिने झटकन मान वर केली.

“त्या पेरूभोवती पायवाट पडली हाय, मॅडम. एक कुत्र्याच्या पायाची, एक तुमच्या चपलीची. मी दिवसभर जनावराचे पाय पाह्यतो. मले दिसनार नाई का?”

“मंग... मंग बोलले काऊन नाई?”

“बोललो असतो, तं तुमी पळनं बंद केलं असतं. अन् मले बी यायचं होतं. रोज. काकाजी, पयल्याच दिवशी सांगायले पायजे होतं मी. नाई सांगितलं. तुमचा हात त्याच्यानंच दुखावला.”

खुशालरावांनी फुटक्या काचेतून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. मग पोत्यावर पडलेल्या कबऱ्याकडे. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं.

“म्हंजे गुन्हेगार दोन,” ते सावकाश म्हणाले, “अन् सजा कुत्र्याले?”

“चाहा थंडा होऊन राह्यला,” द्वारकाबाई म्हणाल्या, आणि पदराआड हसू लपवत ट्रे खाली ठेवला.

खुशालरावांनी चांगल्या हाताने फोन घेतला आणि हर्षदीपला कळवलं की जीप नको. “कुत्रा बेकसूर निघाला,” एवढंच कारण दिलं. मग नागसेनला म्हणाले, “वडील कोन? काय करते?”

“माणिकराव. बेल्याले शेळ्या हायेत आमच्या. तीस.”

“रविवारी आना त्याईले. माहं मनगट हाय असं, मले येता येनार नाई. अन् जीप येनार नाई, तं अंगन बी रिकामंच हाय.” ते आत निघाले, आणि दाराशी थांबून कडक आवाजात म्हणाले, “बापासमोर सांगाचं काय काय शिकवनं झालं ते. सगळं.”

नागसेन निघाला तेव्हा अंधारून आलं होतं. प्रगती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. दोघंही अगदी हळू चालत होती, आणि त्यात कुत्र्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या शर्टाच्या बाहीला कापसाचा एक पुंजका चिकटला होता. तिने तो काढला, आणि टाकायचा कुठे हे न कळून मुठीतच ठेवला.

“आठ दिवसात तो पुन्हा शिकन,” ती म्हणाली. “आता मी नाई पळनार. खरंच. माह्यामुळं बाबाले लागलं...”

“शिकन. चार दिवसात शिकन.”

“मंग त्याच्यानंतर...” तिने फाटकाच्या कडीकडे बघत विचारलं, “...तुमी कायच्यासाठी येसान?”

त्याने गाडीची किल्ली हातात फिरवली, आणि फिरवायची थांबवली.

“प्रगती,” तो म्हणाला. एवढे दिवस मॅडम म्हणणारा माणूस आपलं नाव इतकं जपून घेईल, असं तिला वाटलं नव्हतं. “आता यायले मले कारन नाई लागत.”

तिने फाटक उघडलं.

“मंग उद्या लवकर या,” ती म्हणाली.